बावन्न तेलांचा एक तक्ता

रसग्रहण करायचं ते कवितेचं, फार तर एखाद्या कथेचं. शोधनिबंधाच्या वाट्याला ते सहसा येत नाही. हवा तो आकडा उचलायचा, आपल्या लेखाच्या तळटीपेत ठेवायचा आणि पुढे जायचं, एवढाच आपला त्याच्याशी व्यवहार. पण काही शोधनिबंधांची बांधणीच अशी असते की आकडा मिळाल्यावरही माणूस त्यांच्यापाशी रेंगाळतो. काय सांगायचं, काय सांगायचं नाही, कुठली गोष्ट तक्त्यात ठेवायची आणि कुठली वाक्यात आणायची, या निवडींमागे एक मन दिसायला लागतं. असा एक सहा पानी निबंध मी वर्षानुवर्षं वाचत आलो आहे, आणि तो वाचण्यातला आनंद आज इथे मांडायचा आहे.

निबंध 1999 सालचा. ‘जर्नल ऑफ अप्लाइड मायक्रोबायॉलॉजी’चा 86वा खंड, पानं 985 ते 990. लेखक तिघं: के. ए. हॅमर, सी. एफ. कार्सन आणि टी. व्ही. रायली. काम झालं ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाला, पर्थमध्ये, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात. विषय, वनस्पतींपासून काढलेली सुगंधी तेलं जंतूंची वाढ थांबवतात का, आणि थांबवत असतील तर किती प्रमाणात. या विषयावर जगभर जे लेखन झालं त्यात हा निबंध हजारो वेळा उद्धृत झाला आहे. शीर्षकात मात्र कसलाही डौल नाही. सुगंधी तेलं आणि इतर वनस्पती-अर्क यांची जंतुरोधी क्रिया, एवढंच ते सांगतं. कौतुकाचं विशेषण एकही नाही, आणि कुठल्या वनस्पतीचं नावही नाही.

नाव नाही, कारण नावं फार आहेत. बावन्न तेलं आणि अर्क, समोर दहा सूक्ष्मजीव. प्रत्येक तेल प्रत्येक जंतूसमोर उभं करायचं, म्हणजे 520 लढती. सगळ्या एकाच पद्धतीने, एकाच पोषक माध्यमावर, एकाच वरच्या मर्यादेपर्यंत. या विषयावरच्या लेखनाचा एक नेहमीचा साचा आहे: आपल्या भागातली एक वनस्पती घ्यायची, तिचं तेल काढायचं, दोन-चार जंतूंवर टाकायचं आणि ‘उत्तम परिणाम दिसला’ असं लिहायचं. पण उत्तम कशाच्या तुलनेत? एका प्रयोगशाळेतली लवंग आणि दुसऱ्या प्रयोगशाळेतली तुळस यांची तुलना करताच येत नाही, कारण दोघांची मोजपट्टी वेगळी. पर्थच्या तिघांनी बावन्न बाटल्यांना एकच मोजपट्टी लावली. निबंधाचं सगळं सौंदर्य या एका निर्णयातून उगवतं, असं मला वाटतं.

तेलांची यादी मराठी वाचकाने जरूर डोळ्यांखालून घालावी. लॅटिन नावांच्या गर्दीत आपली माणसं भेटत जातात. गवती चहा आहे, लवंग, आलं, मिरी, धणे, बडीशेप आहे. चंदन आहे, वाळा आहे. आणि खानदेशातल्या वाचकाला हटकून थांबवेल असं एक नाव आहे: सिम्बोपोगॉन मार्टिनी, म्हणजे आपलं रोशा गवत. सातपुड्याच्या पायथ्याला हे गवत रानोमाळ उगवायचं आणि त्याचं तेल गाळायच्या भट्ट्या तिथे होत्या. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जाई, तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई, आणि युरोपच्या बाजारात त्याला ‘टर्किश जिरॅनियम’ असंही नाव पडलं होतं. ज्या गवताचा स्वतःचा पत्ताच व्यापाराने पुसून टाकला, ते इथे आपल्या वनस्पतिशास्त्रीय नावानिशी, इतर एकावन्न जणांच्या बरोबरीने एका ओळीत उभं आहे. हे वाचताना मला दर वेळी बरं वाटतं.

तेल बाटलीत येईपर्यंतचा प्रवास या निबंधात नाही. लेखकांनी तेलं स्वतः काढली नाहीत, तयार मिळवली. तरी तक्त्यातली एकेक ओळ वाचताना तिच्यामागची भट्टी डोळ्यांसमोर आणावी, म्हणजे आकड्याला वजन येतं. सुगंधी तेल काढायची मुख्य रीत वाफेची. ओव्यात आणि थाइममध्ये सापडणारं थायमॉल 232 अंश सेल्सिअसला उकळतं, गवती चहाला वास देणारं सिट्रल 229 च्या आसपास. पाणी तर 100 अंशांनाच उकळतं. मग ही जड द्रव्यं पाण्याच्या वाफेबरोबर वर येतात कशी? एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव एकत्र तापवले की प्रत्येक द्रव आपापला बाष्पदाब देतो, आणि दोघांच्या दाबांची बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळू लागतं. त्यामुळे 100 अंशांच्या किंचित खालीच, पाण्याचा हात धरून, तेल वाफेत येतं. नाजूक रेणू त्यांच्या स्वतःच्या उत्कलनबिंदूपर्यंत तापवले तर काहींची मोडतोड होते. वाफेबरोबर ते बऱ्याच अंशी धड राहतात.

कनौजला हेच काम तांब्याच्या डेगीत होतं. डेगीचं तोंड मातीने लिंपून बंद करतात, बांबूच्या नळीने वाफ पाण्यात बुडवलेल्या भपका नावाच्या भांड्यात नेतात. कारागीर हात लावून, कान देऊन आच ठरवतो. प्रयोगशाळेत तेच काम काचेचं क्लेव्हेंजर उपकरण करतं. अमेरिकेतल्या जे. एफ. क्लेव्हेंजरने 1928 साली ते मांडलं, आणि आजही औषधशास्त्राच्या कुठल्याही महाविद्यालयात ते टेबलावर उभं दिसेल. या उपकरणाचा एक बारकावा मला फार आवडतो. त्याचे मूळचेच दोन प्रकार आहेत, एक पाण्यापेक्षा हलक्या तेलांसाठी, दुसरा जड तेलांसाठी. बहुतेक सुगंधी तेलं पाण्यावर तरंगतात, पण लवंगेचं तेल तळाशी जातं. वाळ्याची गोष्ट आणखी अवघड. त्याच्या तेलाची घनता पाण्याच्या इतकी जवळ की ते धड तरंगत नाही आणि धड बुडत नाही. मुळं खणायची, धुवायची, वाळवायची, भिजवायची, तासन्‌तास वाफ द्यायची, आणि मग हे दाट, चिकट तेल पाण्यापासून वेगळं करण्यासाठी पुन्हा वाट पाहायची. बावन्नांपैकी या एका तेलाकडे लक्ष असू द्यावं.

आता मोजपट्टीकडे येऊ. जंतुरोधी गुण तपासायची सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत लोकप्रिय रीत म्हणजे आगरवर जंतू पसरायचे, मध्ये तेलात भिजवलेली कागदी टिकली ठेवायची किंवा भोक पाडून त्यात तेल ओतायचं, आणि दुसऱ्या दिवशी भोवतीचं स्वच्छ वर्तुळ पट्टीने मोजायचं. फोटो सुंदर येतो. पण आगर म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच, आणि तेल पाण्यात पसरत नाही. वर्तुळ लहान आलं तर तेल दुबळं म्हणायचं, की ते टिकलीतून बाहेरच सरकलं नाही म्हणायचं? शिवाय ही तेलं उडून जाणारी. ताटलीच्या झाकणाखाली त्यांची वाफ कुठे कुठे पोचते, तेही वर्तुळ सांगत नाही. तेलं एकमेकांशी ताडून पाहायची असतील तर ही रीत वाचकाला सहज चकवते.

पर्थच्या निबंधातली मुख्य रीत वेगळी. तेल माध्यमातच मिसळायचं आणि जंतूंना त्या तेलमिश्रित माध्यमावर बसवायचं. म्हणजे तेलाला जंतूपर्यंत चालत जावं लागत नाही. जंतूच तेलात राहायला येतो. पण इथेही तीच अडचण, वरणावर तुपाचा तवंग जमावा तसं तेल माध्यमावर वेगळं होणार. म्हणून अर्धा टक्का ट्वीन-20 हे पायसीकारक आगरमध्ये मिसळलं. आणि ज्या ताटलीत तेल नाही, फक्त हे ट्वीन आहे, अशी ताटलीही ठेवली. तिच्यावर जंतू नीट वाढले, तर वाढ थांबवण्याचं श्रेय ट्वीनचं नाही हे सिद्ध होतं. निबंधात या गोष्टी एकेका ओळीत येऊन जातात. नवशिका वाचक त्या ओलांडून निकालावर उडी मारतो. खरं तर निकालावर विश्वास ठेवायचा की नाही हे याच ओळींत ठरतं.

माध्यम कोणतं? म्युलर-हिंटन आगर. रोज हजारो रुग्णालयांत प्रतिजैविकांची चाचणी ज्यावर होते, तेच. ते 1941 साली हार्वर्डमध्ये जॉन हॉवर्ड म्युलर आणि जेन हिंटन यांनी तयार केलं, मुळात परम्याचे आणि मेंदूज्वराचे नाठाळ जंतू वाढवण्यासाठी. जेन हिंटन तेव्हा ऐन विशीत होत्या. आफ्रिकी-अमेरिकी घराण्यातल्या या तरुण संशोधक पुढे पशुवैद्य झाल्या. सुगंधी तेलांच्या निबंधात त्यांच्याबद्दल काही असायचं कारण नाही, तरी ‘म्युलर-हिंटन’ हा शब्द वाचताना मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार करतो. वनस्पतीच्या तेलाला प्रतिजैविकांच्याच मैदानावर उतरवायचं, त्यासाठी वेगळं सोयीचं मैदान आखायचं नाही, हा या निवडीचा अर्थ.

जंतूंची निवडही अशीच खमकी. दहांत एक यीस्ट, कॅन्डिडा अल्बिकन्स. उरलेल्या नऊ जिवाणूंत ग्रॅम-पॉझिटिव्ह फक्त दोन, स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि एन्टेरोकॉकस फीकॅलिस. बाकी सात ग्रॅम-निगेटिव्ह: ई. कोलाय, क्लेब्सिएला, साल्मोनेला, सेरॅशिया, एरोमोनास, ॲसिनेटोबॅक्टर आणि स्युडोमोनास एरुजिनोसा. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना बाहेरून एक जास्तीचं आवरण असतं, आणि तेलासारखी पाणी टाळणारी द्रव्यं त्यातून सहज शिरत नाहीत. म्हणजे मैदानात सात प्रतिस्पर्धी असे उतरवले, ज्यांच्याविरुद्ध तेलांना जिंकणं मुळातच कठीण. यश दाखवायचं असतं तर प्रमाण उलटं ठेवता आलं असतं. यातल्या ॲसिनेटोबॅक्टर आणि स्युडोमोनास या जोडीच्या औषधांना न जुमानणाऱ्या जातींना जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली अतितातडीच्या गटात टाकलं. पर्थच्या यादीत दोघंही अठरा वर्षं आधीपासून होते.

तक्त्यात काय लिहिलं जातं हेही समजून घ्यायला हवं. तेलाचं प्रमाण निम्म्या-निम्म्याने कमी करत जायचं: 2 टक्के, 1, अर्धा, पाव. ज्या सर्वांत कमी प्रमाणात जंतूची वाढ दिसत नाही, तो त्याचा आकडा. त्याला वाढरोधी न्यूनतम प्रमाण म्हणतात, बोलताना एमआयसी. आकडा जितका लहान तितकं तेल प्रभावी. वाढ थांबली म्हणजे जंतू मेला असं नव्हे. मारायला बऱ्याचदा जास्त प्रमाण लागतं. आणि 2 टक्क्यांनाही जंतू वाढला, तर चौकटीत ‘2 पेक्षा जास्त’ एवढंच लिहायचं. किती जास्त, ते सांगायचं नाही, कारण तपासलेलं नाही.

आता निकाल. दहाच्या दहा जंतूंना 2 टक्के किंवा त्याहून कमी प्रमाणात थोपवणारी तेलं बावन्नांत तीनच निघाली: गवती चहा, ओरेगॅनो आणि बे. (हे बे म्हणजे वेस्ट इंडीजमधलं पिमेंटा रेसिमोसा. आपल्या पुलावातलं तमालपत्र वेगळ्या झाडाचं, तेव्हा त्या डब्याकडे कौतुकाने पाहू नये.) आपल्याकडे अंगणात, बादलीत, बाल्कनीतल्या कुंडीत वाढणारं गवत या तिघांत आहे याचा आनंद आहेच. पण त्या आनंदात वाक्याची दुसरी बाजू निसटू नये. तीनच तेलं सगळ्यांना पुरून उरली, याचा अर्थ उरलेली एकोणपन्नास कुठे ना कुठे थांबली. लवंग थांबली. थाइम थांबलं. आपलं रोशाही थांबलं.

आणि टी ट्रीचं तेलही थांबलं. इथे मी दर वेळी क्षणभर वाचन थांबवतो. कारण टी ट्री, म्हणजे मेलाल्युका अल्टर्निफोलिया, हे या प्रयोगशाळेचं घरचं तेल. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी बुंजालुंग लोक या झाडाची पानं औषधासाठी वापरत आले. 1920 च्या दशकात सिडनीच्या आर्थर पेनफोल्ड यांनी त्याचं तेल तेव्हाच्या प्रमाण जंतुनाशकाशी, कार्बोलिक आम्लाशी ताडून पाहिलं आणि ते कितीतरी पट प्रभावी असल्याचं जाहीर केलं. पर्थच्या या गटाने त्या तेलाचा आधुनिक अभ्यास उभा केला. 1995 साली कार्सन आणि रायली यांचा सहभाग असलेल्या अभ्यासात स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या 66 नमुन्यांवर टी ट्री तेल तपासलं गेलं. त्यातले 64 नमुने मेथिसिलिनला दाद न देणारे होते, आणि पाव टक्का तेलाने त्यांची वाढ थांबली. ज्या तेलावर आपलं नाव उभं आहे, ते बावन्नांच्या रांगेत उभं करायचं, आणि सगळ्यांना पुरून उरलेल्या तिघांत ते नाही हे छापायचं. निबंधात याबद्दल एक भावनेचा शब्द नाही. मला मात्र तिथे माणूस दिसतो.

दुसऱ्या टोकाला सहा तेलं अशी, ज्यांनी 2 टक्क्यांना एकाही जंतूला अडवलं नाही. जर्दाळूच्या बियांचं, गोड बदामाचं, मॅकाडेमियाचं, भोपळ्याच्या बियांचं, इव्हनिंग प्रिमरोजचं आणि सेजचं. ही यादी सावकाश वाचावी. पहिली पाच तेलं वाफेने काढलेली नाहीतच. बिया दाबून काढलेली, आपल्या घाण्यावरच्या तेलांच्या जातीची ती तेलं आहेत. त्यांचे रेणू जड, वाफेबरोबर न येणारे, वास जवळपास नसलेले. माझ्या वाचनात या पाचांची भूमिका साक्षीदाराची आहे. नुसत्या तेलकटपणाने, जंतूवर तवंग चढल्याने वाढ थांबत असती, तर यांनीही ती थांबवली असती. ती थांबवली नाही, म्हणजे गवती चहाच्या तेलात जे काम करतं ते त्याच्या उडून जाणाऱ्या रेणूंचं आहे. हे रेणू जिवाणूच्या पेशीपटलात शिरतात, पटल गळकं होतं आणि आतले आयन बाहेर झिरपतात. बदामाच्या तेलाची ती निकामी ओळ काढून टाकली असती तर गवती चहाच्या ओळीचं बळही तेवढंच कमी झालं असतं.

पण सहावं नाव बेचैन करतं. सेज खरं सुगंधी तेल आहे. कापूर, सिनिओल, थुजोन अशी जोरकस द्रव्यं त्यात असतात. सेजच्या तेलात जंतुरोधी गुण दिसल्याचे अहवाल इतर प्रयोगशाळांतून आलेले आहेत. मग ते इथे बियांच्या तेलांच्या रांगेत का बसलं? एकाच जातीच्या झाडाचं तेल जमीन, हंगाम, काढणीची वेळ, वाफेचा अवधी यांप्रमाणे बदलतं. एकच नाव लावलेल्या दोन बाटल्यांत दोन वेगळी तेलं असू शकतात. टी ट्रीच्या बाबतीत हा गोंधळ नको म्हणून आंतरराष्ट्रीय मानकच ठरलं: टर्पिनेन-4-ऑल हे द्रव्य किमान इतकं, सिनिओल कमाल इतकं. सेजच्या त्या एका बाटलीने काय दाखवलं ते निबंधाने लिहिलं आणि तो पुढे गेला. सगळ्या सेजवर त्याने शिक्का मारला नाही. वाचकानेही मारू नये.

आता वाळा. बावन्नांपैकी वीस तेलं लेखकांनी दुसऱ्या पद्धतीनेही तपासली. या वेळी घट्ट आगरऐवजी पातळ माध्यमात, छोट्या छोट्या खोलगट खाचांच्या ताटलीत, तीन जंतूंविरुद्ध: कॅन्डिडा, स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि ई. कोलाय. कॅन्डिडा आणि ई. कोलाय यांच्याविरुद्ध सगळ्यांत लहान आकडा थाइमचा आला, 0.03 टक्के. स्टॅफिलोकॉकसविरुद्ध सगळ्यांत लहान आकडा आला वाळ्याचा. 0.008 टक्के.

या आकड्याशी जरा थांबू. 2 टक्क्यांपासून निम्मं करत निघालात तर आठ वेळा निम्मं केल्यावर तुम्ही 0.008 च्या पायरीवर पोचता. एक लिटर माध्यमात 80 मायक्रोलिटर तेल, म्हणजे साधारण दीड थेंब. आधीच्या अभ्यासात टी ट्रीला त्याच जातीच्या जंतूसाठी पाव टक्का लागला होता. त्याच्या हा जवळजवळ तिसावा हिस्सा. दोन अभ्यासांच्या तपशिलात फरक असणारच, तरी अंतर मोठं आहे. आणि हे तेल त्या सर्वसमर्थ तिघांत नाही! सगळ्यांत धारदार आकडा ज्याचा, ते सगळ्यांना पुरलं नाही. थाइमचंही तसंच. जी तीन सगळ्यांना पुरली, त्यांतल्या एकाचंही नाव या सर्वांत लहान आकड्यांसमोर नाही. ‘सर्वांत चांगलं तेल कोणतं’ या प्रश्नाला निबंध उत्तर देत नाही, आणि दोन तक्ते शेजारी ठेवले की असा प्रश्न विचारणंच अपुरं आहे हे कळतं. कुठल्या जंतूसाठी, कुठल्या माध्यमात, कुठल्या प्रमाणात, एवढं विचारलं तरच तक्ता बोलतो. कथेत दोन प्रसंग शेजारी ठेवून लेखक न सांगता जे सांगतो, त्याच जातीचं हे सुख आहे, आणि ते या सहा पानांत आहे.

वाळा म्हटला की आपल्याला उन्हाळा आठवतो, माठात सोडलेली जुडी आठवते, दारावरचे ओले पडदे आठवतात. म्हणून इथे स्पष्ट बोलायला हवं. माठातल्या जुडीने पाण्याला वास येतो, गारवा वाटतो, तेवढंच. पाणी शुद्ध होतं असं हा निबंध कुठेही म्हणत नाही. त्यातला आकडा आहे तो तासन्‌तास वाफ देऊन काढलेल्या तेलाचा, पायसीकारकाने माध्यमात मिसळलेल्या, एका विशिष्ट जंतूविरुद्धचा. पाणी उकळूनच प्यावं. हाच नियम गवती चहाला. कपातल्या पातीत असतं त्यापेक्षा कितीतरी दाट तेल त्या ताटलीत होतं. आणि ते दाट तेल पोटात घ्यायचं किंवा कातडीला थेट लावायचं नसतं. कातडी भाजते, आणि पोटात गेलेलं टी ट्री तेल विषारी ठरल्याच्या नोंदी आहेत. निबंध समारोपात काय म्हणतो? वनस्पती तेलांना औषधं आणि परिरक्षकं म्हणून जागा असू शकते, या कल्पनेला हे निकाल आधार देतात. इतकंच. 520 लढतींनंतर एवढं मोजकं विधान. मी हे वाक्य विद्यार्थ्यांना मुद्दाम वाचायला सांगतो, कारण सुगंधी तेलांच्या बाटल्यांवर जे छापलेलं असतं त्याच्यात आणि या वाक्यात केवढं अंतर आहे ते त्यांनी स्वतः पाहावं.

हे वाक्य इतकं जपून का लिहिलं, त्याचा खुलासा याच तिघांच्या दुसऱ्या एका निबंधात सापडतो. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात त्यांनी टी ट्री तेलाच्या कामात काय काय अडथळा आणतं हे तपासून छापलं. अडथळ्यांच्या यादीत दुधाची भुकटी निघाली, रक्तद्रवातलं अल्ब्युमिन निघालं, आणि ट्वीन-20 सुद्धा निघालं. म्हणजे ज्या पायसीकारकाच्या आधाराने बावन्न तेलांचा तक्ता उभा आहे, ते पायसीकारकच तेलाची धार थोडी बोथट करू शकतं. ट्वीनशिवाय तेल माध्यमात मिसळत नाही, आणि ट्वीनसह त्याचं पूर्ण बळ दिसेलच असं नाही. जखमेत रक्तद्रव असतो, अन्नात दूध आणि स्निग्धांश असतो. तिथे तक्त्यातला आकडा जसाच्या तसा चालणार नाही. दोन्ही निबंध एकत्र वाचले की पहिल्या तक्त्यातल्या प्रत्येक आकड्यामागे ‘या परिस्थितीत’ हे दोन शब्द आपोआप ऐकू येऊ लागतात. आपल्याच साधनातली खोट शोधून ती छापणाऱ्या लेखकांवर माझा विश्वास वाढतो. सेजच्या त्या सहाव्या जागेकडेही मग मी जरा वेगळ्या नजरेने पाहतो.

या निबंधात मला काही कमी वाटत असेल तर ते एवढंच, की इतक्या विलक्षण आकड्यानंतरही वाळ्याकडे लेखक रेंगाळत नाहीत. वाळ्याच्या तेलात शंभराहून जास्त घटक असतात, बहुतेक जड सेस्क्विटर्पीन जातीचे. त्यातलं नेमकं कोण स्टॅफिलोकॉकसला अडवतं, एकटं की अनेक मिळून, हा प्रश्न तक्त्याच्या त्या चौकटीत उघडाच राहतो. पण बावन्न जणांची गोष्ट सांगणाऱ्याला एका पात्रापाशी थांबता येत नाही, हेही मान्य करायला हवं. ते काम पुढच्याने करायचं.

आणि ते करता येण्याजोगं आहे. धुळे-नंदुरबारच्या एखाद्या महाविद्यालयात रोशा गवत दाराशी आहे, वाळा नर्सरीत मिळतो, क्लेव्हेंजर आहे, म्युलर-हिंटनचा डबा कपाटात आहे, प्रमाणित जंतुसंग्रहातून स्टॅफिलोकॉकसची नळी मागवता येते. कागदी टिकली आणि सुंदर वर्तुळाचा मोह बाजूला ठेवायचा. तेल कुठल्या गावच्या गवताचं, कुठल्या महिन्यात कापलेलं, किती तास वाफ दिली, हे वहीत आधी लिहायचं. ट्वीनची बिनतेलाची ताटली ठेवायची. शेजारी घाण्यावरच्या करडईच्या तेलाची एक ओळ घ्यायची. 2 टक्क्यांपासून निम्मं करत खाली यायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताटल्या उजेडात धरून, जिथे वाढ दिसेल तिथे ‘वाढ’ असं लिहायचं.